सत्तावीस कोऱ्या शिळा

तंजावरला जाणार असाल तर एक गोष्ट आधीच सांगून ठेवते. तिथल्या मोठ्या देवळात भर उन्हात जाऊ नका. चपला दाराबाहेर ठेवाव्या लागतात आणि आतलं दगडी अंगण असं तापतं की माणूस देव विसरून सावली शोधायला लागतो. मार्चमधल्या एका सकाळी अकराच्या सुमारास मीही अशीच चवड्यांवर उड्या मारत ते अंगण ओलांडलं आणि कडेच्या ओवरीत जाऊन टेकले. मागून भाचा हसत येत होता. "मावशी, हे कुठलं आसन?"

तो तिथे शिकायला आहे. त्याला भेटायचं निमित्त होतं. पण माझ्या पिशवीत घडी घातलेला एक कागद होता आणि खरं सांगायचं तर मी त्या कागदापासून पळून तंजावरला आले होते. कागदावर एकच ओळ होती. 'मला योगशिक्षक का व्हायचं आहे?' खाली पानभर कोरी जागा.

आमच्या योगशिक्षक अभ्यासक्रमाचा हा शेवटचा लेखी गृहपाठ. माझं वय ५४. वर्गातल्या बहुतेक मुली माझ्या लेकीच्या वयाच्या. त्यांनी तो कागद दहा मिनिटांत भरून दिला. कोणाला स्वतःचा स्टुडिओ काढायचा होता, कोणाला परदेशी जायचं होतं, कोणाची पाठदुखी योगाने बरी झाली होती. सगळी कारणं चांगली आणि खरी. मीही घरी बसून तीनदा लिहिलं. 'समाजसेवा', 'निरोगी जीवन', 'आपला प्राचीन वारसा'. तिन्ही वेळा कागद फाडला. कारण माझं खरं कारण वेगळं होतं आणि ते लिहायची मला लाज वाटत होती.

तुम्हाला मात्र सांगते.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकू

आमच्या सोसायटीच्या गच्चीवर रोज सकाळी सहा वाजता योगवर्ग भरायचा. आमच्या बाई तो नऊ वर्षं चालवत होत्या. एक पैसा घेत नसत. मग त्या मुलाकडे बंगळुरूला कायमच्या राहायला गेल्या. वर्ग बंद पडायला नको म्हणून सगळ्या माझ्याकडे आल्या. "तुम्हीच घ्या आता. तुम्हाला सगळं पाठ आहे."

पाठ होतंच. ओंकारापासून शवासनापर्यंतचा क्रम मला झोपेतही म्हणता आला असता. मी लगेच हो म्हटलं, आणि थोडी फुशारलेही. पहिल्या महिन्यात संख्या बारावरून वीसवर गेली.

तिसऱ्या मजल्यावरच्या काकू नव्याने यायला लागल्या होत्या. वय सदुसष्ट, पण उत्साह असा की सगळ्यांच्या आधी सतरंजी अंथरून तयार. एकदा मी विपरीतकरणी घेतली. भिंतीला टेकून पाय वर, कमरेखाली उशी, डोकं खाली. काकूंना इतकं छान जमलं की मी सगळ्यांना म्हटलं, "बघा, काकूंकडे बघा!" पुढचे आठ-दहा दिवस त्या रोज हौसेने ते करत राहिल्या. घरीही करायला लागल्या.

एका सकाळी त्या आल्या नाहीत. दुपारी कळलं, डोळा ठणकत होता आणि दिव्याभोवती रंगीत कडी दिसत होती म्हणून त्यांना डॉक्टरांकडे नेलं होतं. काकूंना काचबिंदू होता. सहा वर्षं त्या रोज रात्री डोळ्यांत थेंब घालत होत्या. काचबिंदूत डोळ्याच्या आतला दाब आधीच डोळ्याला सोसत नाही, आणि डोकं खाली गेलं की तो दाब आणखी वाढतो. डॉक्टरांनी डोकं खाली घालायची सक्त मनाई केली. औषध बदललं, दाब उतरला. पण ते चार दिवस मला अन्न गोड लागलं नाही.

काकूंनी मला एका शब्दानेही दोष दिला नाही. "मीच बोलले नाही गं. मला वाटलं, योगाने चांगलंच होतं, वाईट कशाला होईल?" बऱ्या झाल्यावर त्या बेसनाचे लाडू घेऊन माझ्याकडे आल्या. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. लाडवांनी मला जास्त लागलं.

त्या बोलल्या नाहीत हे खरं. पण मी विचारलं नाही, हेही तितकंच खरं. काय विचारायचं असतं, हेच मला माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी वर्ग बंद केला आणि महिन्याभरात २०० तासांच्या अभ्यासक्रमाला नाव घातलं. आधी शिकवलं आणि मग शिकायला गेले, असा माझा उलटा प्रवास.

दगडात लिहिलेली अट

हे सगळं मनात घेऊन मी त्या ओवरीत बसले होते. समोर राजराज चोळाने १०१० साली पूर्ण केलेलं बृहदीश्वराचं देऊळ. गाभाऱ्यावरचं तेरा मजल्यांचं शिखर दोनशे फुटांपेक्षा उंच. मान मागे टाकून बघावं लागतं. अभ्यासक्रमात शिकलेलं आठवून मी लगेच मान सरळ केली. मानेचा त्रास असेल तर तुम्हीही दोन्ही हात मानेमागे धरून बघा.

याच देवळाच्या भिंतीवर आपली मराठीही आहे. सतराव्या शतकात शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजीराजे इथे राज्य करायला आले आणि भोसल्यांची गादी १८५५ पर्यंत टिकली. त्यांतल्या दुसऱ्या सरफोजीराजांनी १८०३ मध्ये भोसले घराण्याचा इतिहास इथे मराठीत कोरून घेतला. घरापासून हजार किलोमीटरहून लांब, तमिळ शिलालेखांच्या गर्दीत आपली अक्षरं दिसली की पाय आपोआप थांबतात.

पण त्या दिवशी माझे पाय दुसऱ्याच एका लेखापाशी थांबले. आम्ही एक गाईड केला होता. वयस्कर, मोडक्या हिंदीत बोलणारे, पण देवळाचा दगडन् दगड ओळखणारे. त्यांनी एका भिंतीकडे बोट दाखवलं. राजराजाने वेगवेगळ्या देवळांतून चारशे नर्तकी तंजावरला आणून वसवल्या, त्यांची यादी त्या काळच्या तमिळ लिपीत कोरलेली आहे. प्रत्येकीचं नाव, ती कुठल्या देवळातून आली, कुठल्या ओळीत कितवं घर तिला दिलं, सगळं. प्रत्येकीला वर्षाला शंभर कलम भात. कलम हे तिथलं धान्याचं माप. त्याच यादीत नृत्य शिकवणारे गुरू आहेत, गाणारे, वाजवणारे आहेत.

"आणि शेवटी एक अट आहे," गाईड म्हणाले. यांतलं कोणी वारलं किंवा गाव सोडून गेलं, तर तो वाटा जवळच्या नातेवाइकाला मिळेल आणि कामही त्यानेच करायचं. पण तो नातेवाईक त्या कामाला लायक नसेल, तर त्याने लायक माणूस निवडून त्याच्याकडून काम करून घ्यायचं.

मी त्यांना तेवढंच पुन्हा सांगायला लावलं. हजार वर्षांपूर्वी कोणीतरी हा विचार केला होता. रिकामी झालेली जागा जवळ कोण आहे एवढंच बघून भरायची नसते. ते काम त्याला येतं का, हेही बघायचं असतं. आमच्या बाई गेल्या तेव्हा त्यांच्या सर्वांत जवळची मी होते. लायक होते का, हे कोणी विचारलं नाही. सगळ्यात आधी मीच स्वतःला विचारायला हवं होतं.

कोरलेलं आणि न कोरलेलं

मग गाईडनी खिशातून मोबाइल काढला. गाभाऱ्याच्या वरच्या मजल्यावर एक फिरता बोळ आहे. तिथे सामान्य भाविकांना जाता येत नाही, म्हणून त्यांनी फोटोच दाखवले. चार हातांचा शिव भिंतीवर एकामागून एक नृत्याच्या स्थितींमध्ये उभा आहे. कुठे पाय दुमडलेला, कुठे एक पाय थेट डोक्यापर्यंत गेलेला. ही करणं. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात अशी १०८ करणं सांगितली आहेत. हात आणि पाय यांची एकमेकांशी जुळलेली हालचाल म्हणजे करण. विपरीतकरणी या नावातही तोच शब्द डोकावतो, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं आणि पोटात कालवलं.

"एकशे आठपैकी इथे एक्क्याऐंशी आहेत," गाईड म्हणाले. "पुढच्या सत्तावीस शिळा कोऱ्या."

फोटोत त्या शिळा दिसत होत्या. चौकोनी, नीट बसवलेल्या, आकृतीची वाट बघत थांबलेल्या. नंतरच्या काळात चिदंबरमच्या गोपुरांवर १०८ च्या १०८ करणं कोरली गेली, तीही नाट्यशास्त्रातल्या श्लोकांसह. ती तुम्हाला आजही खालून बघता येतात. पण इथे, एवढ्या मोठ्या सम्राटाच्या एवढ्या मोठ्या देवळात, सत्तावीस जागा हजार वर्षं रिकाम्या आहेत. कोणी घाईने काहीतरी खरवडून त्या भरल्या नाहीत.

माझ्या वर्गातल्या मुली हनुमानासन करतात, वृश्चिकासन करतात. मला अजून नीट पद्मासन घालता येत नाही, डावा गुडघा ऐकत नाही. परीक्षेच्या आधी रात्री मला झोप लागत नसे. जिला स्वतःला सगळं येत नाही, ती दुसऱ्यांना काय शिकवणार? त्या फोटोसमोर मला वाटलं, आपण चुकीच्या गोष्टीला घाबरतोय. काकूंना त्रास झाला तो मला वृश्चिकासन येत नव्हतं म्हणून नव्हे. मला जे नीट माहीत नव्हतं, ते मी माहीत असल्यासारखं शिकवलं. जी शिळा कोरी ठेवायला हवी होती, तिच्यावर छिन्नी चालवली.

राजाचे रुग्ण

दुसऱ्या दिवशी राजवाड्यात गेलो. तिथलं सरस्वती महाल ग्रंथालय चुकवू नका. नायक राजांच्या काळापासूनचा हा संग्रह सरफोजीराजांनी इतका वाढवला की ग्रंथालय त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. संस्कृत, तमिळ, तेलुगू आणि मराठी हस्तलिखितं, मोडीतली दफ्तरं, जुने नकाशे. संग्रहालयाच्या दालनात यांतलं थोडंफार बघायला मिळतं.

या संग्रहातल्या एका गोष्टीबद्दल मी अभ्यासक्रमात डोळ्यांविषयी वाचताना वाचलं होतं. सरफोजीराजांना वैद्यकाचं वेड होतं. त्यांनी धन्वंतरी महाल नावाची संस्था उभी केली होती. तिथे औषधं बनत आणि आपले वैद्य, हकीम आणि इंग्रजी पद्धतीचे डॉक्टर यांचं ज्ञान एकत्र येई. त्या काळच्या डोळ्यांच्या रुग्णांच्या नोंदी या ग्रंथालयात जपून ठेवलेल्या आहेत. कोण रुग्ण, काय तक्रार, काय उपचार केले, आणि सोबत डोळ्यांची रंगीत चित्रं. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया राजांनी स्वतः केल्या की त्यांच्या डॉक्टरांनी, यावर अभ्यासकांत वाद आहे. मला त्या वादाशी कर्तव्य नाही. माझ्यापुरता मुद्दा एवढाच, की दोनशे वर्षांपूर्वी कोणीतरी समोरच्या माणसाला विचारलं, 'तुम्हाला काय होतंय?' आणि उत्तर लिहून ठेवलं.

माझ्या वीसजणींच्या वर्गाची एक साधी वहीसुद्धा नव्हती. वर्गणी नव्हती, म्हणून हजेरीही नव्हती.

आपल्याकडच्या योगाच्या इतिहासातही हे विचारणं आणि मोजणं आहे, आणि ते मला गच्चीवर ठाऊक नव्हतं. योगेंद्रजींनी १९१८ मध्ये मुंबईत द योगा इन्स्टिट्यूट सुरू केली आणि संसारी माणसांना योग शिकवला. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं. उड्डियान, नौली करताना शरीराच्या आत दाब कसा बदलतो, हे त्यांनी उपकरणं लावून मोजलं आणि 'योगमीमांसा' या नियतकालिकात छापलं. पुण्यात बी. के. एस. अय्यंगारांनी खुर्ची, पट्टा, लाकडी ठोकळे वापरून ज्याला जेवढं जमेल तेवढं त्याच्याकडून करून घेतलं. तिघांच्या वाटा वेगळ्या. पण समोर कोण आहे ते आधी बघायचं, हे तिघांकडूनही शिकण्यासारखं.

"गुरू कोण?"

राजवाड्याजवळच्या एका दुकानात तंजावरच्या बाहुल्या बघत होतो. तळाला जड आणि गोल असलेल्या, कितीही आडव्या केल्या तरी पुन्हा उभ्या राहणाऱ्या. आमचं बोलणं ऐकून शेजारी उभ्या असलेल्या एक आजी मराठीत बोलायला लागल्या. त्यांच्या घराण्याच्या कित्येक पिढ्या तिथेच गेलेल्या. घरात मराठी, लिहायला तमिळ. त्यांच्या बोलण्याला तमिळचा हेल होता आणि अधूनमधून एखादा शब्द असा यायचा, जो मी माझ्या पणजीच्या तोंडून शेवटचा ऐकला होता.

"काय करता?" त्यांनी विचारलं. भाचा पटकन म्हणाला, "मावशी योग शिकवते."

आजींनी माझ्याकडे वळून विचारलं, "हो? गुरू कोण?"

संस्था कुठली, सर्टिफिकेट कुठलं, हे त्यांनी विचारलं नाही. मला आमच्या बाईंचं नाव घ्यावं लागलं. आणि नाव घेताना जाणवलं, झालेला प्रकार मी त्यांना कधी सांगितलाच नव्हता. त्यांना वाईट वाटेल, असं मी स्वतःला समजावत होते. खरं तर त्यांच्या मनातून उतरायची भीती होती.

संध्याकाळी खोलीवर जाऊन मी बंगळुरूला फोन लावला आणि सगळं सांगितलं. पलीकडे बराच वेळ शांतता. मग बाई म्हणाल्या, "सुरुवातीची दोन वर्षं मीही कोणाला विचारत नव्हते गं. माझं नशीब चांगलं, तुझं नव्हतं. एवढाच काय तो फरक." मग थोडं थांबून म्हणाल्या, "तुला वर्ग देताना हे सांगायला हवं होतं. ते माझं राहिलं."

त्या रात्री मी तो कागद भरला. त्यात समाजसेवा नव्हती आणि वारसाही नव्हता. मी लिहिलं, 'माझ्यामुळे एका बाईच्या डोळ्याला धोका झाला. मला पुन्हा तिच्यासमोर उभं राहून शिकवायचं आहे. काय शिकवायचं ते मला थोडंफार येत होतं. काय शिकवायचं नाही, ते शिकायला मी आले.' पान पूर्ण भरलं नाही. उरलेली जागा तशीच सोडली.

वहीचं पहिलं पान

जूनमध्ये परीक्षा झाली आणि मी पास झाले. गच्चीवरचा वर्ग पुन्हा सुरू केला, पण आधी एक वही आणली. नाव, वय, रक्तदाब, मधुमेह, डोळे, मणका, हर्निया, झालेली ऑपरेशनं, चालू औषधं. ज्याचं मला नीट कळत नाही तिथे मी लिहिते, 'डॉक्टरांना विचारून'. वहीच्या शेवटच्या पानावर मी शिकवत नसलेल्या आसनांची यादी आहे. सध्या त्यात सत्तावीसहून जास्त नावं आहेत. एखादं नाव नीट शिकून झालं की खोडते. घाई नाही.

तुम्ही कुठल्या योगवर्गाला जात असाल, तर एवढं करा. शिक्षकांनी विचारलं नाही तरी आपलं दुखणं आपणहून सांगा. काचबिंदू, रक्तदाब, पाठीचा त्रास, गरोदरपण, नुकतंच झालेलं ऑपरेशन, यांतलं काहीही असेल तर पहिल्या दिवशीच सांगा. 'त्यात काय सांगायचं' असं म्हणू नका. आणि तुम्हाला स्वतःला शिक्षक व्हायचं असेल, तर वयाची भीती सोडा. मात्र, "तुम्हाला सगळं पाठ आहे," असं कोणी म्हणालं, तर जरा थांबा.

आणि तंजावरला जरूर जा. तिरुचिरापल्लीचा विमानतळ साठेक किलोमीटरवर आहे, चेन्नईहून रेल्वेने सहा-सात तास. डिसेंबर ते फेब्रुवारी हवा बरी असते. देवळात सकाळी लवकर किंवा संध्याकाळी ऊन उतरल्यावर जा. तेव्हा दगड तळपायांना कोमट लागतो आणि शिखर सोनेरी दिसतं.

वहीतलं पहिलं नाव तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचं आहे. त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिलंय, 'काचबिंदू. डोकं खाली नाही.' खाली दोनदा रेघ ओढलीय. त्या आता खुर्चीत बसून हातांच्या हालचाली आणि साधा प्राणायाम करतात, डॉक्टरांना विचारून.

मी त्यांच्यासाठी तंजावरहून एक बाहुली आणली होती. काकूंनी ती टेबलावर ठेवून चार-पाच वेळा आडवी पाडून बघितली. दर वेळी ती डुलत डुलत उभी राहिली.

"ही बरी आहे," काकू म्हणाल्या. "हिला कितीही वाकवा, डोकं खाली जातच नाही!"